जुन्या नकाशांचीं भूसंदर्भित रूपांतरें : एक परामर्श

संग्राहकमंडळींत अलीकडे एक नवा परिपाठ पडला आहे. जुन्या नकाशाचें छायाचित्र घ्यावयाचें, क्यूजीआयएस या विनामूल्य संगणक-प्रणालींत तें उघडून आठदहा ठिकाणें आजच्या नकाशाशीं जुळवावयाचीं, आणि त्याचें जिओटिफ अथवा केएमझेड स्वरूपांत रूपांतर करून तें उपग्रहचित्रावर पांघरावयाचें. साध्या जेपेग चित्रांत स्थळाचा पत्ता नसतो; जिओटिफच्या पोटांत तो असतो. ही सोय मोठी आहे, हें आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो अशीं रूपांतरें ज्या रीतीनें सिद्ध होतात आणि लागलींच पुरावा म्हणून पुढें केलीं जातात, त्या रीतीला.

नवी मुंबईचा परिसर घ्या. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतर येथील पुष्कळ खाजणें व मिठागरें भरलीं गेलीं. विमानतळासाठीं उलवें येथील टेकडी कापून काढली, उलवें नदीचा प्रवाह वळविला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटनही झालें. पारसिकचा डोंगर दगडखाणींनीं जागोजाग खाल्ला आहे. अशा प्रदेशांत जुन्या नकाशांतील खाडीचा कांठ आजच्या कांठाशीं जो जुळवितो, तो दोन भिन्न वस्तु एक मानतो. यंत्र त्यास हरकत घेत नाहीं. तें कागद ओढून ताणून देतें, आणि जो भराव शोधावयाचा तोच नाहींसा होतो. येथें आधार घ्यावयाचा तो कर्नाळ्याच्या सुळक्याचा, बेलापूरच्या किल्ल्याच्या अवशेषांचा, गांवठाणांतील जुन्या देवळांचा.

बिंदूंऐवजीं समासांतील अक्षांश-रेखांशांवर विसंबणारांसही धोका आहेच. सर्वेक्षण खात्याच्या कित्येक जुन्या पत्रकांवर, मद्रास वेधशाळेचा रेखांश पूर्वीं चुकीचा धरल्यामुळें सर्व रेखांशांतून २ कला २७ विकला वजा कराव्या, अशी बारीक टीप असते. आपल्या अक्षांशावर हें अंतर सुमारें सवाचार किलोमीटर भरतें! शिवाय तीं पत्रकें १८३० च्या एव्हरेस्टच्या गोलाभावर रचलेलीं, तर आजचीं उपग्रहयंत्रें १९८४ सालची जागतिक पद्धति मानतात. त्यानेंही मुंबईकडे सुमारें शंभर मीटरांचा फरक पडतो. चित्रासोबत जी सहा ओळींची 'वर्ल्ड फाइल' देतात, तींत मोजमाप कोणत्या गोलाभावरचें याचा उल्लेखच नसतो.

सर्वांत फसवी गोष्ट मात्र 'शून्य त्रुटि' ही होय. 'थिन प्लेट स्प्लाइन' नामक रीत पत्करली म्हणजे प्रत्येक दिलेला बिंदु तंतोतंत जागेवर बसतो. कारण उघड आहे : ती रीत तशीच रचलेली आहे. बिंदु चुकीचा दिला तरी तो तितक्याच तंतोतंत बसेल. पोथीच्या लेखकास कठीण पाठ कळला नाहीं म्हणून त्यानें सोपा पाठ घातला आणि मूळ पोथी नदींत सोडली, तर त्या नकलेस कोणी शुद्ध म्हणेल काय? साधें प्रथमघाती रूपांतर करावें. मग प्रत्येक बिंदूपाशीं कांहीं अंतर शिल्लक राहतें. तें शिल्लक अंतर म्हणजेच आमचे पाठभेद. मोजणीदार कोठें चुकला, नदी कोठें सरकली, कागद कोठें आकसला, हें त्यावरूनच कळावयाचें.

दप्तरांतील मोडी हातनकाशांची गोष्ट निराळी. त्यांत पूर्व किंवा दक्षिण वर असते, किल्ला समोरून पाहिल्यासारखा उभा काढलेला असतो, महत्त्वाचें गांव मोठें आणि बाकीचीं दाटीवाटीनें. त्यांस अक्षांशांच्या चौकटींत कोंबूं नये. त्यांतील नांवें वाचून प्रत्येकापुढें आजचें स्थान लिहावें; तेवढ्यानें काम भागतें.

यापुढें असें रूपांतर कोणी प्रसिद्ध केल्यास त्यासोबत न ताणलेलें मूळ चित्र, बिंदूंची यादी, प्रत्येकाचें शिल्लक अंतर, गोलाभाचें नांव आणि रूपांतराची रीत, इतकें द्यावें. क्यूजीआयएस बिंदूंची यादी वेगळी जतन करूं देतें, त्यामुळें श्रमाची सबब चालणार नाहीं. ही सामग्री नसलेलें रूपांतर आम्ही चित्र म्हणून आनंदानें पाहूं; सीमावादांत किंवा स्थलनिश्चितींत मात्र तें जमेस धरणार नाहीं.