दडवलेली नावे

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी माझ्या एका कादंबरीला छोटेसे पारितोषिक मिळाले. समारंभ आटोपल्यावर एका विद्यार्थिनीने वही पुढे केली आणि विचारले, "सर, तुम्हांला वाचनाची गोडी कोणत्या लेखकाने लावली?" मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "हरिभाऊ आपट्यांनी." मुलीने ते नाव सुवाच्य अक्षरांत लिहून घेतले, नमस्कार केला आणि ती गेली.

वाचकहो, त्या मुलीशी मी खोटे बोललो. हरिभाऊ माझे आवडते लेखक आहेत, यात शंका नाही. पण गोडी लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी आणि नाथमाधवांनी. ही दोन नावे चारचौघांत घ्यायला माझी जीभ कचरली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. विद्वानांच्या पंगतीत आपले पान आधीच कडेला. त्यात रहस्यकथांचे नाव कशाला काढा, असा तो हिशेब होता. दिवाळीच्या दिवसांत जुनी देणी चुकती करावीत म्हणतात. म्हणून हे लिहायला बसलो.

मामांच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती. मे महिन्याच्या सुट्टीत आंब्यांच्या अढीशेजारी बसून मी ती उघडली, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला उठवताना मामीला माझा कान धरावा लागला. पेटीत अर्नाळकर होते: झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक १९९६ साली वारला, तेव्हा त्याच्या नावाला टीकाग्रंथांत क्वचितच जागा मिळालेली होती. ते अगदीच अन्यायाचे होते, असेही मी म्हणणार नाही. अर्नाळकरांची माणसे बदलत नाहीत. दुष्ट तो दुष्ट आणि शूर तो शूर. संकटाची ओढ त्यांना असते, संकटाचा ओरखडा मात्र मनावर उमटत नाही. पण एक गुण त्यांच्यापाशी होता व तो मोठा होता. वाचकाला ताटकळत ठेवून ते वर्णन करीत बसत नाहीत. दार वाजले की दार उघडतेच. ज्या मुलाला धड्याचे पानसुद्धा डोंगराएवढे वाटत होते, तो मुलगा एका बैठकीत पुस्तक संपवू लागला.

पेटीच्या तळाशी नाथमाधव सापडले. 'वीरधवल' १९१३ सालचे. त्याची पहिली काही पाने वाळवीने नेली होती, त्यामुळे मी मधूनच आत शिरलो आणि तरी वाट चुकलो नाही. नाथमाधवांच्या कादंबऱ्यांत योगायोग फार आणि उपदेशही बराच, हे आज मला दिसते. पण ऐन तारुण्यात कड्यावरून पडून कमरेखालचे अंग कायमचे लुळे झालेला हा माणूस अंथरुणावर पडल्यापडल्या घोडी दौडवीत होता, तटबंद्या ओलांडीत होता, हे पुढे कळले तेव्हा त्या धावपळीचा अर्थच मला वेगळा वाटू लागला. त्यांच्या नायकांना कुठेतरी पोचण्याची एवढी घाई का, ते उमगले.

आता हरिभाऊ. 'पण लक्षात कोण घेतो?' मी चौदाव्या वर्षी वाचली, आणि ती अर्नाळकरांचा वाचक म्हणून वाचली. हेच मला आज आग्रहाने सांगावयाचे आहे. शंकरमामंजी गोष्टीत आले तेव्हाच मी मनात खूणगाठ बांधली की खलपुरुष हाच. मग मी त्याला कोण पकडतो याची वाट पाहू लागलो. यमूचा नवरा गेला. मी वाट पाहिली. तिच्या केशवपनाची बोलणी सुरू झाली. तरी मी वाट पाहिली. कोणीच आले नाही. ना झुंजार, ना वीरधवल. घर माणसांनी भरलेले होते आणि तरी कोणी आले नाही. माझी आजी शेजारी ऐकत बसली होती. ती म्हणाली, "पुरे रे बाबा, मीट ते. आमच्या काकूचं असंच केलं होतं." एवढे बोलून ती उठून देवघरात गेली.

हरिभाऊंचे मोठेपण मला त्या रात्री कळले. परंतु ते कळायला, संकटात कोणीतरी धावून येतेच, ही सवय आधी अंगात मुरलेली असावी लागते. ज्याने सुटकेची वाट पाहिलेली नाही, त्याला सुटका न होण्याचे दुःख पुरते कसे कळावे? टीकाकार रंजनपर लेखकांना शिडीची पहिली पायरी म्हणतात. वर चढल्यावर ती विसरायची असते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. मला तसे वाटत नाही. ती पायरी पायाखाली होती म्हणूनच वरच्या पायरीवर माझा तोल गेला, आणि साहित्यात तोल जाण्यालाच किंमत आहे. स्वतः हरिभाऊंना हे ठाऊक असावे. १८९० साली त्यांनी साप्ताहिक काढले आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. त्या साप्ताहिकाचे नाव त्यांनी 'करमणूक' ठेवले होते! हप्त्यांच्या लेखनामुळे तिच्यात पाल्हाळ आला हे खरे; पण वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत ओढून नेण्याची कलाही त्यातच घडली.

हे सारे ठाऊक असूनही एक चूक मी केली. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरचा एक मुलगा भूगोलाच्या तासाला मुखपृष्ठ फाटलेली रहस्यकथा वाचताना सापडला. मी ती काढून घेतली आणि मोठ्या उदारपणे त्याला हरिभाऊंची कादंबरी दिली. आठ दिवसांनी त्याने ती परत आणली. वाचल्याची खूण पंचविसाव्या पानाशीच थांबली होती. त्यानंतर तो ग्रंथालयाच्या कपाटाकडे फिरकला नाही. ओरडलो असतो तर कदाचित त्याने दुसरे पुस्तक आणले असते. मी त्याला चांगले पुस्तक दिले, आणि त्याचे वाचन तिथेच संपले.

तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. त्याची रहस्यकथा मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा मी ती वाचून काढली. शेवटची दोन पाने नाहीत. खुनी कोण, ते मला कळले नाही. भाऊबीज झाली की त्याच्या घरी जाऊन ती परत करणार आहे, आणि खुनी कोण ते त्यालाच विचारणार आहे.