माहितीपूर्ण संमती की राज्याचे मनोगत? : अमेरिकेतील गर्भपातविषयक माहितीसक्ती कायद्यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : माहितीपूर्ण संमती, गर्भपात, डॉक्टर-रुग्ण संबंध, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय

प्रस्तावना :

रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्या देहावर उपचार करू नयेत आणि ही संमती पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, हे तत्त्व आधुनिक वैद्यकनीतीत सर्वमान्य झाले आहे. याच तत्त्वाचा आधार सांगत अमेरिकेतील अनेक घटकराज्यांनी, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने रुग्ण स्त्रीला आधी काय सांगितले पाहिजे, हे ठरवून देणारे कायदे केले. यांतील काही कायद्यांना 'स्त्रीचा जाणून घेण्याचा अधिकार' असे नावही दिले गेले. नाव अधिकाराचे असले, तरी कायद्याची रचना सक्तीची आहे.

प्रस्तुत लेखात या कायद्यांची व त्यांवरील न्यायनिर्णयांची चिकित्सा केली आहे. माहिती 'सत्य व दिशाभूल न करणारी' असावी, ही न्यायालयाने स्वीकारलेली कसोटी आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. विधान खरे आहे काय, एवढेच ती विचारते. ते कोणासाठी केले जात आहे, हे ती विचारत नाही.

संमतीच्या तत्त्वाचे मूळ स्वरूप :

सज्ञान व्यक्तीला आपल्या देहाचे काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार आहे, असे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी न्यूयॉर्कमधील १९१४ च्या एका निकालात स्पष्ट केले. 'माहितीपूर्ण संमती' ही संज्ञा १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका निकालातून रूढ झाली. 'कँटरबरी विरुद्ध स्पेन्स' (१९७२) या खटल्यात तिला निश्चित आशय मिळाला. डॉक्टरने किती सांगावे, हे वैद्यकव्यवसायातील प्रघातावरून ठरत नाही. निर्णय घेताना विवेकी रुग्णाला जे महत्त्वाचे वाटेल ते सांगितले पाहिजे, असे त्या निकालाने मानले. त्याच वर्षी 'कॉब्स विरुद्ध ग्रँट' या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बाब मान्य केली. धोक्यांची माहिती नको, असे रुग्णानेच सांगितले, तर ती देण्याचे बंधन डॉक्टरवर राहत नाही.

या तत्त्वाची दोन लक्षणे येथे नोंदविणे आवश्यक आहे. माहितीचे मोजमाप रुग्णाच्या गरजेवरून ठरते आणि माहिती नाकारण्याचा अधिकारही रुग्णाकडेच राहतो. डॉक्टरचे कर्तव्य आहे ते रुग्णाप्रती. पुढील कायद्यांचे परीक्षण याच दोन लक्षणांच्या आधारे करता येते.

ॲक्रन ते केसी :

'रो विरुद्ध वेड' (१९७३) या निकालाने गर्भपाताचा अधिकार मान्य केल्यानंतर त्या अधिकाराच्या वापरावर अटी घालण्याचे प्रयत्न सुरू झाले. ओहायो राज्यातील ॲक्रन शहराच्या नियमानुसार, गर्भधारणेपासूनच गर्भ हे मानवी जीवन असते, असे डॉक्टरने सांगणे बंधनकारक होते. गर्भाच्या शरीररचनेचे तपशीलवार वर्णन आणि संभाव्य दुष्परिणामांची लांबलचक यादीही सांगावी लागे. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. माहिती देण्यापेक्षा स्त्रीचे मन वळविणे हा त्याचा हेतू आहे, असा न्यायमूर्ती पॉवेल यांच्या निकालाचा रोख होता. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यातील अशाच तरतुदीही अवैध ठरल्या.

सहा वर्षांनी न्यायालयाने भूमिका बदलली. 'प्लॅन्ड पॅरेंटहुड विरुद्ध केसी' (१९९२) या खटल्यात न्यायमूर्ती ओ'कॉनर, केनेडी व सूटर यांच्या संयुक्त मताने पेनसिल्व्हेनियाची माहितीविषयक तरतूद आणि २४ तासांची प्रतीक्षा वैध ठरविली. गर्भपाताऐवजी प्रसूतीला आपली पसंती आहे, हे राज्याला व्यक्त करता येईल. मात्र दिली जाणारी माहिती सत्य व दिशाभूल न करणारी हवी, असे त्यांनी म्हटले. पतीला कळविण्याची सक्ती याच निकालाने रद्द केली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु डॉक्टरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न संयुक्त मताने एका लहानशा परिच्छेदात निकाली काढला. त्याचे परिणाम पुढे दूरवर गेले.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात दोन सवलती होत्या. राज्याने छापलेली माहितीपत्रके उपलब्ध आहेत एवढेच स्त्रीला सांगायचे होते. ती पाहणे तिच्या इच्छेवर होते. तसेच माहितीमुळे रुग्णाच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यावर गंभीर परिणाम होईल असे डॉक्टरला रास्तपणे वाटल्यास ती न देण्याची मुभा होती. संमतीच्या मूळ तत्त्वाचा काही अंश या सवलतींत शिल्लक होता. नंतरच्या अनेक कायद्यांनी केसीचा आधार घेतला आणि या सवलती मात्र वगळल्या.

सत्याच्या कसोटीची मर्यादा :

दक्षिण डाकोटाचा २००५ चा कायदा हे याचे ठळक उदाहरण होय. गर्भपाताने एका संपूर्ण, स्वतंत्र, एकमेव व जिवंत मानवाचे जीवन संपते, असे डॉक्टरने लेखी सांगणे या कायद्याने बंधनकारक केले. आत्महत्येचा विचार व आत्महत्या यांचा धोका वाढतो, हेही सांगायचे होते. आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये पहिल्या विधानाबाबत असे मानले की, कायद्यात 'मानव' या शब्दाची व्याख्या जीवशास्त्रीय असल्याने ते वस्तुस्थितीचे विधान ठरते. समोर बसलेली स्त्री मात्र कायद्यातील व्याख्या मनात ठेवून ते वाक्य ऐकत नाही. तिच्या कानी पडतो तो नैतिक निवाडा.

आत्महत्येविषयीचे विधान २०१२ मध्ये याच न्यायालयाने बहुमताने वैध ठरविले. 'वाढलेला धोका' म्हणजे केवळ सांख्यिकीय सहसंबंध. कार्यकारणभाव सिद्ध होण्याची आवश्यकता नाही, असा हा युक्तिवाद होता. वस्तुतः अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटाने २००८ मध्येच वेगळा निष्कर्ष मांडला होता. अनियोजित गर्भधारणेत पहिल्या तिमाहीत एकदा गर्भपात केलेल्या प्रौढ स्त्रियांना, प्रसूतीच्या तुलनेत, मानसिक विकारांचा अधिक धोका आढळत नाही, असा तो निष्कर्ष होता. गर्भपात मिळालेल्या व नाकारल्या गेलेल्या स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेणाऱ्या 'टर्नअवे' अभ्यासातही २०१८ मध्ये आत्महत्येच्या विचारांबाबत दोन्ही गटांत तफावत दिसली नाही. सहसंबंध व कारण यांतील भेद संशोधकाला ठाऊक असतो. रुग्णाला तो उलगडून सांगितला नाही, तर शब्दशः खरे वाक्यही दिशाभूल करू शकते.

औषधी गर्भपात 'उलटविता' येतो असे सांगण्याची सक्ती हा या परंपरेचा पुढचा टप्पा आहे. असा कायदा प्रथम ॲरिझोनाने २०१५ मध्ये केला. या उपायाची चाचणी घेण्यासाठी कॅलिफोर्नियात हाती घेतलेल्या अभ्यासात ४० स्त्रियांचा समावेश अपेक्षित होता. १२ स्त्रियांची नोंद झाल्यावर, तिघींना तीव्र रक्तस्राव झाल्याने २०१९ मध्ये तो थांबवावा लागला. या उपायाची परिणामकारकता सिद्ध झालेली नसताना तो रुग्णास सुचविण्यास डॉक्टरला भाग पाडले जाते.

नकाराचा अधिकार :

टेक्सासने २०११ मध्ये गर्भपातापूर्वी सोनोग्राफी सक्तीची केली. चित्र पाहणे व हृदयाचे ठोके ऐकणे स्त्रीला नाकारता येत होते. डॉक्टरने केलेले वर्णन मात्र बलात्कारासारखे काही अपवाद वगळता ऐकावेच लागे. पाचव्या सर्किट न्यायालयाने २०१२ मध्ये हा कायदा उचलून धरला. उत्तर कॅरोलायनाचा त्याच वर्षीचा कायदा याहून विलक्षण होता. स्त्रीने डोळे फिरवावेत, ऐकण्यास नकार द्यावा. डॉक्टरने मात्र चित्र दाखवीत वर्णन करीतच राहावे, अशी ती तरतूद होती. चौथ्या सर्किट न्यायालयाने २०१४ मध्ये ती रद्द केली. ऐकू न इच्छिणाऱ्या रुग्णापुढे बोलत राहण्याने संमती माहितीपूर्ण होत नाही, असा न्यायमूर्ती विल्किन्सन यांच्या विवेचनाचा आशय होता. येथे न्यायालयाने विधानाच्या सत्यतेपलीकडे जाऊन त्याचे प्रयोजन तपासले. प्रस्तुत विषयातील हा सर्वांत मर्मग्राही निर्णय म्हणावा लागेल.

या कायद्यांच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा दुर्लक्षणीय नाही. अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाचा पश्चात्ताप स्त्रीला पुढे होऊ नये, अशी चिंता केसी निकालातही व्यक्त झाली आहे. परंतु माहिती हाती ठेवल्याने ही चिंता दूर होते. ती ऐकण्याची सक्ती करण्याची गरज नसते. शिवाय महत्त्वाचे धोके लपविणाऱ्या डॉक्टरविरुद्ध दाद मागण्याची सोय सर्वसाधारण कायद्यात आहेच.

न्यायालयीन विसंगती :

कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्याने गर्भपातविरोधी समुपदेशन केंद्रांवर उलट बाजूची सक्ती केली. राज्याच्या अल्पदरातील वा विनामूल्य सेवांत गर्भपाताचाही समावेश आहे, असा फलक परवानाधारक केंद्रांनी लावायचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी ही सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी बहुधा विसंगत ठरविली. केसीमधील तरतूद वैद्यकीय प्रक्रियेशी निगडित होती, हा फलक तसा नाही, असा भेद बहुमताने केला. दोन्ही पक्षांना एकच न्याय हवा, असा आक्षेप न्यायमूर्ती ब्रायर यांनी भिन्नमतात घेतला. राज्याने कोणाच्या तोंडी काय घालावे याचे एकसूत्री तत्त्व नसल्यामुळे ही विसंगती उद्भवली आहे.

भारतीय संदर्भ :

कँटरबरी निकालाची चर्चा भारतातही झाली. 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' (२००८) या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल विचारात घेतला. मात्र भारतीय परिस्थितीत 'पुरेशी माहिती' हा अधिक सौम्य निकष स्वीकारला. दुसरीकडे, १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने गर्भाचे लिंग सांगण्यास डॉक्टरला मनाई केली आहे. तेथेही राज्य डॉक्टरच्या बोलण्यावर बंधन घालते. परंतु त्या बंधनाला ते संमतीचे नाव देत नाही. लिंगनिवड रोखण्याचा सामाजिक हेतू उघडपणे सांगते. त्यामुळे त्या हेतूची चर्चा व परीक्षण उघडपणे करता येते.

निष्कर्ष :

२०२२ च्या 'डॉब्स' निकालाने रो व केसी दोन्ही रद्द केले. ज्या राज्यांत गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली, तेथे ही ठरीव वाक्ये बहुतांशी निरर्थक झाली. ज्या राज्यांत तो कायदेशीर आहे, तेथे वाद चालूच राहिला. मिशिगनमध्ये २०२५ साली न्यायालयाने, २०२२ च्या राज्यघटना-दुरुस्तीच्या आधारे, माहितीसक्ती व २४ तासांची प्रतीक्षा रद्द ठरविली. उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. माहितीपूर्ण संमती हा रुग्णाचा अधिकार आहे. त्या नावाखाली राज्याची पसंती ऐकविणे म्हणजे तत्त्वाचे नाव ठेवून आशय बदलणे होय.

२. विधानाची सत्यता तपासताना ते रुग्णाला कसे समजेल, हेही पाहिले पाहिजे.

३. माहिती नाकारण्याची मोकळीक रुग्णाला आहे काय, ही निर्णायक कसोटी मानावी. ज्या माहितीला नकार देता येत नाही, ती संमतीचा भाग ठरू शकत नाही.

राज्याला गर्भाच्या रक्षणाविषयी मत असू शकते आणि ते मांडण्याची साधनेही त्याच्यापाशी आहेत. तथापि ते मत राज्याने स्वतःच्या नावाने मांडावे. रुग्ण ज्याच्यावर विश्वास ठेवून आलेली असते, त्या डॉक्टरच्या मुखातून ते वदविल्यास स्त्रीच्या निर्णयशक्तीचा अधिक्षेप होतोच, शिवाय ज्या विश्वासावर वैद्यकव्यवसाय उभा आहे त्यालाही तडा जातो.