‘इग्ला’ : नायकाआड झाकलेली दिना

‘इग्ला’ या रशियन शब्दाचा अर्थ सुई. अल्मा-आताच्या कझाकफिल्म या चित्रसंस्थेने १९८८ साली काढलेल्या या चित्रपटात ती सुई इंजेक्शनची आहे. दिग्दर्शक रशीद नुगमानोव, आणि नायक मोरोच्या भूमिकेत लेनिनग्राडच्या ‘किनो’ या रॉक संचाचा गायक व्हिक्टर त्सोई. सोविएत व्यवस्था अखेरच्या घटका मोजत असताना आलेला हा गुन्हेपट तिथल्या तरुणांनी डोक्यावर घेतला. आजही त्याची चर्चा निघते ती त्सोईमुळेच. आम्हाला वाटते, या भक्तीने चित्रपटाचे नुकसानच केले आहे. त्याने धिटाईने जे सांगितले त्याकडे लक्ष गेले नाही, आणि तो जिथे कमी पडला त्याचा जाबही कोणी विचारला नाही.

कथानक साधे आहे. मोरो आपले येणे वसूल करायला अल्मा-आताला परततो आणि दिना या जुन्या मैत्रिणीकडे उतरतो. दिना मॉर्फिनच्या आहारी गेली आहे. तिला माल पुरवणारा आर्तुर युसूपोविच पेशाने डॉक्टर आहे. मोरो तिला शहरातून काढून अरल समुद्राकडे नेतो. तिथे ती थोडी सावरते. शहरात परतल्यावर मात्र पुन्हा सुई हाती येते. मग मोरो या टोळीशी एकट्याने झुंज घेतो.

अरलचा भाग हा चित्रपटाचा प्राण आहे. दोघे समुद्रावर पोचतात, पण तिथे पाणीच नाही. नजर पोचेल तिथवर कोरडा तळ. १९६० च्या सुमारास जगातील चौथे मोठे सरोवर असलेला हा अरल नंतरच्या दशकांत आटत गेला. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाच्या शेतीसाठी कालव्यांत वळवल्या गेल्या होत्या. भरघोस उत्पादनाचे आकडे जाहीर होत राहिले, आणि तिकडे मच्छीमारांची गावे काठ सोडून वाळवंटात येऊन पडली. नशेने शोषलेली बाई आणि योजनेने शोषलेला समुद्र नुगमानोव एकाच चौकटीत आणतात आणि एका शब्दाचेही भाष्य करीत नाहीत. चित्रपटभर रेडिओ-टेलिव्हिजनचे आवाज कानावर पडत राहतात, आणि शेवटी चित्रपट चक्क सोविएत टेलिव्हिजनला अर्पण केला आहे! या अर्पणपत्रिकेतला उपहास त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नसेल.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्सोईचे वडील कोरियन वंशाचे. १९३७ साली स्टालिनच्या हुकुमाने अतिपूर्वेकडील सुमारे पावणेदोन लाख कोरियन लोकांना गाड्यांत भरून मध्य आशियात आणून टाकले गेले. त्सोईच्या वडिलांचा जन्म नंतर क्झिलओर्दाला झाला, आणि हे शहर सिर दर्याच्याच काठी आहे. चित्रपट याचा उच्चारही करीत नाही. पण हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या कोरड्या तळावर उभा असलेला मोरो केवळ पाहुणा वाटत नाही.

खलनायकाविषयीही लिहिले पाहिजे. आर्तुरची भूमिका प्योत्र मामोनोव या दुसऱ्या रॉक गायकाने केली आहे. त्याचा आर्तुर आरडाओरडा करीत नाही; पांढऱ्या कोटाची प्रतिष्ठा हीच त्याची ढाल. युसूपोविच म्हणजे युसूफचा मुलगा. आपल्याकडच्या हिंदी चित्रपटांत स्मगलरच्या गळ्यात तावीज आणि डोळ्यांत सुरमा घालण्याची रीत आपण पुष्कळ पाहिली आहे. नुगमानोव त्या नावावर बोट ठेवत नाहीत आणि त्याची सफाईही देत नाहीत. माणूस दुष्ट आहे, कारण तो दुसऱ्याच्या दुखण्यावर धंदा करतो, बस्स. हा साधा इन्साफ पडद्यावर किती दुर्मीळ असतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मात्र दिनाच्या बाबतीत हा इन्साफ तोकडा पडतो. मरिना स्मिर्नोव्हाने ती मोजक्या हालचालींत आणि विझलेल्या नजरेने उभी केली आहे. पटकथेने तिला त्याहून फारसे काही दिलेले नाही. ती या सुईपर्यंत कशी पोचली, तिला स्वतःला काय हवे आहे, हे आपल्याला कळत नाही. आर्तुर तिला वापरतो, मोरो तिला वाचवू पाहतो. दोघांच्या मध्ये तिचा स्वतःचा आवाज हरवतो. नशेवरच्या चित्रपटात नशा करणारी व्यक्तीच मुकी राहावी, हा दोष लहान नाही.

अखेरच्या प्रसंगात बर्फाळ रस्त्यावर एक अनोळखी माणूस मोरोकडे सिगारेटसाठी विस्तव मागतो आणि त्याला भोसकतो. मोरो गुडघ्यांवर कोसळतो, उठतो आणि चालू लागतो. मागे ‘किनो’चे गाणे सुरू होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी लाटव्हियात मोटार अपघातात त्सोई गेला. वय अवघे अठ्ठावीस. तेव्हापासून हे चालत जाणे त्याच्या अमरत्वाची खूण मानले गेले. चित्रण झाले त्या अल्माटीच्या रस्त्यावर २०१८ साली त्याचा पुतळाही उभा राहिला.

पुतळ्याला आमची हरकत नाही. पण मोरो जिंकला असे चित्रपट कुठेच म्हणत नाही. दिना वाचलेली नाही, समुद्र भरलेला नाही, आणि नायकाच्या अंगातून रक्त वाहते आहे. एकटा शूर माणूस येऊन सगळे ठीक करील ही आशा ‘इग्ला’ आपल्याला देत नाही, आणि तेच त्याचे मोठेपण आहे. गाणे ऐकून उठलेल्या प्रेक्षकाने एकदा तरी मागे वळून त्या घरात एकट्या राहिलेल्या बाईकडे पाहावे, एवढेच आमचे मागणे.