आवाज आपला, बोली कोणाची?

ऑगस्ट २०२४मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाचा अहवाल आला. एएलएसमुळे ज्याचं बोलणं कळेनासं झालं होतं, अशा माणसाच्या मेंदूत त्यांनी २५६ इलेक्ट्रोड बसवले. तो बोलायचा प्रयत्न करतो, यंत्र शब्द ओळखतं आणि त्याच्याच जुन्या आवाजाच्या नकलेत ऐकवतं. अचूकता ९७.५ टक्के. काम मोठंच आहे, यात वाद नाही.

पण या आकड्यात दडलंय काय? इलेक्ट्रोड थेट शब्द वाचत नाहीत. मेंदूतल्या संकेतांवरून इंग्रजीतल्या ३९ ध्वनींचा अंदाज बांधला जातो. मग सव्वा लाख शब्द माहीत असलेलं लँग्वेज मॉडेल ठरवतं, की इथे अमुकच शब्द असणार. म्हणजे काही श्रेय मेंदूचं, काही मॉडेलने शिकलेल्या भाषेचं.

आता समजा, असं मराठी यंत्र जठारपेठेतल्या एखाद्या घरात आलं. आजी म्हणू पाहते, "मले पानी दे वं पोरी." मॉडेल पुस्तकी मराठीवर शिकलेलं असेल, तर यंत्र बोलेल, "मला पाणी दे गं मुली." पाणी मिळेल, पण घरच्यांना ती आजी वाटणार नाही. आणि मोजणाऱ्याने प्रमाण मराठी धरली, तर हेच उत्तर शंभर टक्के अचूक ठरेल!

म्हणून आपण दोन गोष्टी मागू. वऱ्हाडी बोलण्याचं ध्वनिमुद्रण आत्तापासून जमवा. आणि यंत्राची दुरुस्ती नाकारायचा हक्क बोलणाऱ्याकडे ठेवा.