एलसीएच्या तक्त्यात न दिसणारी भातसा

पर्यावरण विषयात पीएचडी करायची म्हटलं की हल्ली बऱ्याच जणांच्या यादीत एक विषय हमखास असतो: सांडपाणी प्रक्रियेच्या तंत्रांचं एलसीए, म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन. विषय चांगलाच आहे. पण त्यातले पेपर कसे वाचायचे हे आधी शिकायला हवं. म्हणून आज एक पेपर घेऊ.

आयआयटी मुंबईतल्या श्याम असोलेकर यांच्या गटाने २०१३ मध्ये 'वॉटर अँड एन्व्हायर्नमेंट जर्नल'मध्ये तो छापला. भारतात वापरल्या जाणाऱ्या चार तंत्रांची त्यात तुलना आहे: अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज, एसबीआर, यूएएसबी आणि कन्स्ट्रक्टेड वेटलँड. पहिल्या दोघांत यंत्राने हवा मिसळून जिवाणूंना घाण खायला लावतात. यूएएसबीतले जिवाणू हवेविना काम करतात आणि मिथेन तयार होतो. वेटलँडमध्ये पाणी पाणवनस्पतींच्या मुळांमधून आणि खडीतून झिरपत जातं.

पेपरचं मोल कशात आहे? आपल्याला बांधकामाचा खर्च आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी एवढंच बघायची सवय आहे. एलसीए पुढचं विचारतं: हवा सोडायला लागणारी वीज कुठून आली? आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे नदी इथे स्वच्छ झाली, पण धूर दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात गेला. एसबीआर नायट्रोजन, फॉस्फरस चांगला काढतं, पण वीज खातं. वेटलँडला वीज नावापुरती लागते. ही ओढाताण आकड्यांत मांडणं, तीही भारतातल्या प्रकल्पांवरून, हे मोठं काम होतं.

आता माझा आक्षेप. पेपरने वापरलेली पद्धत सीएमएल बेसलाइन. तिच्यात हवामानबदल, आम्लीकरण, पाण्यातली अतिपोषकता, मानवी विषाक्तता असे रकाने आहेत. विषाक्ततेच्या रकान्यात रसायनं मोजली जातात, जंतू नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करायचं सगळ्यात जुनं कारण म्हणजे कॉलरा, टायफॉइड, जुलाब. नेमकं तेच हिशेबाबाहेर! जमिनीलाही त्या यादीत रकाना नाही.

हे किती महत्त्वाचं आहे, ते सापगावात उभं राहिलं की कळतं. वर भातसा धरण, खाली पिसे. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं पाणी धरणातून याच नदीपात्राने येतं आणि पिशाला उचललं जातं. नदीकाठची वाटेतली गावंही हीच नदी वापरतात. समजा ३,००० वस्तीच्या गावाचा प्रकल्प करायचाय. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने रोजचा पुरवठा १ लाख ६५ हजार लिटर होतो. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर १ लाख ३२ हजार लिटर. तक्ता बघून आपण पटकन वेटलँड म्हणू. पण माणशी १ ते ३ चौरस मीटर धरले तर पाऊण ते सव्वादोन एकर जागा लागते. ही भातजमीन कोणाची जाणार? आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातले जंतू? केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत १०० मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म १,००० च्या आत हवेत. त्यासाठी बहुतेक वेळा शेवटी क्लोरीन किंवा यूव्ही लागतं. ते जोडलं की वीज वाढते, रसायनं येतात, आणि तंत्रांमधलं अंतर बदलतं. क्रम उलटेलच असं नाही, पण तो पुन्हा तपासावा लागतो.

मुद्दा फंक्शनल युनिटचा आहे, म्हणजे तुलना कशाच्या एककावर करतोय याचा. 'एक घनमीटर प्रक्रिया केलेलं पाणी' असं लिहिलं की समुद्रात सोडलेलं आणि पिशाच्या वर सोडलेलं पाणी एकाच मापात बसतं. पण दोन्ही ठिकाणची गरज एक नाही.

या गटावर अन्याय नको. त्यांच्याच २०१२ च्या 'जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट'मधल्या पेपरात हीच चार तंत्रं वेगवेगळ्या परिस्थितींत तपासलीत आणि जागा, मनुष्यबळ हे निकषही घेतलेत. दोन्ही पेपर सोबत वाचले तर चित्र बरंच पूर्ण होतं. आपण मात्र बहुतेक वेळा फक्त एलसीएचा तक्ता उचलतो आणि सिनॉप्सिसमध्ये चिकटवतो.

जंतू मोजायची वाटही आहे. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये जंतूंची जोखीम एलसीएत जोडून दाखवली. आजारपणाने गेलेली निरोगी वर्षं हे माप घेतलं की कार्बनचं आणि जंतूंचं नुकसान शेजारी ठेवता येतं. आपल्या नद्यांवर हे करायला भरपूर वाव आहे.

म्हणून असा पेपर हातात आला की आधी तीन गोष्टी शोधा. प्रक्रिया झालेलं पाणी कुठे जातं आणि पुढे ते कोण वापरतं? शेवटी निर्जंतुकीकरण हिशेबात धरलंय का? प्रकल्प केवढा आणि गाळ कुठे गेला? उत्तरं नसतील तर पेपर टाकून देऊ नका. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथेच आहे.