ठामपणे, हट्टाने की जिद्दीने?

आपल्यातल्या अनेकांवर आता मराठीतून इंग्रजीत जाण्याची वेळ येते. कथा इंग्रजी संग्रहासाठी पाठवायची असते, एखादे निवेदन इंग्रजी वृत्तपत्राला द्यायचे असते. अशा वेळी 'त्याने ठामपणे नकार दिला' या साध्या वाक्यापाशी लेखणी अडते. शब्दकोश फर्मली, रेझोल्यूटली, ॲडमंटली, स्टबर्नली, व्हेहिमंटली हे शब्द एका ओळीत मांडून मोकळा होतो. त्यातला सर्वांत वजनदार वाटेल तो उचलायचा, अशी आपली रीत पडली आहे. आम्हाला ही रीत घातक वाटते. हे शब्द कमी-जास्त जोराची मापे नाहीत. जोर कुणाचा, कुणावर आणि लिहिणारा कुणाच्या बाजूला उभा आहे, हे ते सांगतात.

फोर्सफुली आणि फोर्सिबली ही जोडी घ्या. दोघांचा उगम एकच. जुन्या इंग्रजी लेखनात युक्तिवादही फोर्सिबली मांडला जाई. आजच्या वापरात मात्र वाटणी बरीच पक्की झाली आहे. वक्ता आपला मुद्दा फोर्सफुली मांडतो, म्हणजे ठासून मांडतो; ऐकणाऱ्याला तो न पटण्याची मुभा असते. फोर्सिबली म्हणजे बळजबरीने, दार तोडून, माणसाला उचलून. तिथे समोरच्याची मर्जी कुणी विचारलेलीच नसते.

हा फरक व्याकरणाच्या तासापुरता नाही. वंशसंहाराविरुद्धच्या 1948 च्या आंतरराष्ट्रीय कराराने वंशसंहाराची जी पाच कृत्ये सांगितली, त्यांतले शेवटचे एका समूहाची मुले फोर्सिबली दुसऱ्या समूहात नेण्याचे आहे. तो शब्द काढला तर गुन्ह्याचा गाभाच निघून जातो. 2017 मध्ये म्यानमारच्या राखाईन प्रांतातून काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. बांगलादेश सरकारने त्यांना कागदोपत्री 'निर्वासित' म्हटले नाही; 'फोर्सिबली डिस्प्लेस्ड म्यानमार नॅशनल्स' असे नाव दिले. निर्वासित म्हटले की हक्कांचा प्रश्न येतो. तो शब्द टाळला गेला. पण ही माणसे आपल्या मर्जीने आलेली नाहीत, एवढी साक्ष फोर्सिबली या एका शब्दाने नोंदवून ठेवली. जिथे बातमीत फक्त 'ते सीमा ओलांडून आले' असे येते, तिथे ही साक्षही गळून पडते.

दुसरा गट निर्धाराचा. 1948 मध्येच बर्ट्रांड रसेल यांनी बीबीसीवरच्या एका कार्यक्रमात याची गंमत करून दाखवली होती. व्याकरणात क्रियापद चालवतात तसे त्यांनी एका गुणाला तिन्ही पुरुषांत चालवले. मी असतो तेव्हा तो गुण ठामपणा, तुम्ही असता तेव्हा हट्ट, आणि तिसरा कुणी असला की डुकरासारखा आडमुठेपणा! वागणे तेच, बदलले ते बोलणाऱ्याचे नाते. 1852 मध्ये पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने इंग्रजी शब्दांचा जो अर्थवार कोश काढला, त्यातही निर्धाराचा क्रमांक 604 आणि हट्टाचा 606 आहे. मधला क्रमांक अनिश्चयाचा. दोन शेजाऱ्यांमध्ये एवढेच अंतर.

हे अंतर इंग्रजी साहित्यात सर्वांत बारकाईने मोजले ते जेन ऑस्टिन यांनी, असे आमचे मत आहे. त्यांची 'पर्स्युएशन' ही कादंबरी 1817 च्या अखेरीस, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. ॲन एलियटने एकोणिसाव्या वर्षी वडीलधाऱ्यांचे ऐकून कॅप्टन वेंटवर्थशी ठरलेले लग्न मोडले. आठ वर्षांनी तो परततो तेव्हा मनात अढी आहे की ही मुलगी कच्च्या मनाची. म्हणून तो लुइझा मस्ग्रोव्हच्या ठामपणाचे भरभरून कौतुक करतो. पुढे हीच लुइझा लाइमच्या धक्क्यावर, नको म्हटले असताना, पायऱ्यांवरून पुन्हा उडी मारते आणि डोके आपटून बेशुद्ध पडते. तेव्हा डोके शांत राहते ते ॲनचे. तत्त्वावर टिकणे वेगळे आणि आपल्या मर्जीला चिकटणे वेगळे, हे वेंटवर्थला तिथे कळते. म्हणजे आपण ज्याला शब्दनिवड म्हणतो, तोच या कादंबरीचा विषय आहे. वेंटवर्थ लुइझाविषयी फर्मली म्हणत होता. स्टबर्नली म्हणायला हवे होते.

मग हे शब्द वापरूच नयेत का? स्टीफन किंग यांनी 2000 साली आलेल्या 'ऑन रायटिंग'मध्ये क्रियाविशेषणांवर बरीच टीका केली आहे. दार फर्मली लावले, यातला फर्मली खरोखर हवा का, असे ते विचारतात. आधीच्या मजकुरातून दार कसे लागले असेल ते कळायला नको का, हा त्यांचा मुद्दा. कथेपुरता तो आम्हाला मान्य आहे. पण कायद्याच्या कलमाला आणि साक्षीदाराच्या जबाबाला आधीचे प्रकरण नसते. तिथे फोर्सिबली लिहावेच लागते.

निवडताना शब्दाचा संसार पाहावा. आरोप व्हेहिमंटली नाकारला, यात आवाज चढलेला ऐकू येतो. कॅटेगॉरिकली नाकारला, यात आवाज नसेल, पण पळवाटही नाही. डॉगेडली हा शब्द कुत्र्यावरून आला. माग न सोडता चालत राहण्याचे चित्र त्यात आहे, म्हणून तो कष्टाला शोभतो, नकाराला तितका नाही. ॲडमंट ज्या ग्रीक शब्दातून आला, त्याचा अर्थ न फुटणारे. त्याच शब्दातून अरबी-फारसीत अलमास, म्हणजे हिरा, आला. आपल्या घरांत लाडाने मुलीचे नाव ठेवले जाते तो हा शब्द. आणि इंग्रजीत मात्र ॲडमंटली म्हटले की बहुधा न ऐकणारा, न वाकणारा माणूस समोर येतो.

तसे पाहिले तर या निवडीचा सराव आपल्याला इतरांपेक्षा अधिक असायला हवा. अरबीत 'जिद' म्हणजे विरुद्ध. तो शब्द उर्दूत आला तो हट्ट होऊन. रडणाऱ्या पोराला आई दख्खनीत सांगते, 'जिद नको कर'. तोच मराठीत जिद्द झाला आणि शाळेच्या बक्षीस समारंभात पोचला. एकाच घरात, उंबऱ्याच्या आत तो स्टबर्नली आहे आणि उंबऱ्याबाहेर डॉगेडली. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या लेखकाला कोशाने दिलेला एक प्रतिशब्द पुरणार नाही.

म्हणून 'ठामपणे नकार दिला' याचे इंग्रजी करताना आधी नकार देणाऱ्याकडे पाहावे. जमीन न विकणारी विधवा असेल तर रेझोल्यूटली लिहावे. तिला स्टबर्नली म्हणणारा लेखक, त्याला कळो वा न कळो, जमीन मागायला आलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलेला असतो.