एकाच बोटीचे टपाल : बँकर शर्मनची पत्रे

विल्यम टेकम्से शर्मन हे नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक असलेच तर ते अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनापती म्हणून. १८६४ मध्ये अटलांटा घेऊन, जॉर्जियातून वाटेत येईल ते उद्ध्वस्त करत समुद्रापर्यंत गेलेला हा माणूस त्याआधी चार वर्षे बँकर होता, ही गोष्ट चरित्रकार सांगतात, पण घाईने. १८५३ ते १८५७ हा काळ त्यांना युद्धाच्या उंबरठ्यावरचा अपयशाचा काळ वाटतो. 'लुकस, टर्नर अँड कंपनी' या सेंट लुईसच्या पेढीची सॅन फ्रान्सिस्को शाखा शर्मनने या वर्षांत चालवली आणि या वर्षांतली त्याची पत्रे मोठ्या संख्येने टिकली. ती दोन प्रकारची आहेत : भागीदार हेन्री टर्नर याला लिहिलेली व्यवहाराची आणि पत्नी एलेन, भाऊ जॉन, सासरा टॉमस यूइंग यांच्याशी झालेली घरची. या दोन ढिगांना वेगळे ठेवून वाचण्याची जी रीत पडली आहे तिने माणूसही दुभंगला आणि व्यवहारही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पत्रे छापली कशी गेली ते आधी पाहू. शर्मन १८९१ मध्ये वारला. तीन वर्षांनी त्याची मुलगी रेचल शर्मन थॉर्नडाइक हिने दोघा भावांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. धाकटा भाऊ जॉन सिनेटर होता, त्यामुळे त्या पुस्तकाचा तोंडवळा राजकारणाचा. १९०९ मध्ये एम. ए. डीवुल्फ हाउ याने 'होम लेटर्स ऑफ जनरल शर्मन' हा संग्रह काढला. त्यात मुख्यतः एलेनला लिहिलेली पत्रे आहेत, पण संपादकाची कात्री बरीच चाललेली आहे. टर्नरला लिहिलेल्या पत्रांना मात्र १९६९ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी ड्वाइट क्लार्क याने त्यांच्या आधारे बँकर शर्मनवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. घरची मूळ पत्रे आज नोत्र दाम विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. थोडक्यात, भावाला लिहिलेले एका पुस्तकात, बायकोला लिहिलेले दुसऱ्यात, भागीदाराला लिहिलेले तिसऱ्यात. पत्र ज्याला लिहिले त्याच्या नावाची चिठ्ठी ढिगावर लावायची, ही संपादकाची सोय झाली. लिहिणाऱ्याच्या मेजावर मात्र हे ढीग नव्हते.

तिथे काय होते, हे समजायला त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोचे टपाल समजून घ्यावे लागते. पूर्वेकडे तार नव्हती. ती १८६१ च्या ऑक्टोबरात जोडली गेली. रेल्वे त्याहून पुढची. पत्र बोटीने पनामा किंवा निकाराग्वापर्यंत जाई, मग ती चिंचोळी भूमी ओलांडून पलीकडच्या बोटीत चढे. पूर्वेला पोचायला साधारण महिना आणि उत्तर यायला तेवढाच. बोट साधारण पंधरवड्याने सुटे आणि तिच्या सुटण्याच्या सुमाराला 'स्टीमर डे' येई. त्या दिवशी सगळ्या शहराची वसुली चाले. व्यापाऱ्याला पूर्वेकडच्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे भागवायचे असत, म्हणून तो गिऱ्हाइकांच्या मागे लागे, गिऱ्हाईक आणखी कोणाच्या मागे लागे आणि सगळे मिळून बँकेच्या दारात येत. बँक खाणीवरची सोन्याची भुकटी विकत घेई, सोने बोटीने पाठवी आणि न्यूयॉर्कवर किंवा सेंट लुईसवर ड्राफ्ट लिहून देई. आपल्या हुंडीचेच हे भावंड. शहरातले नाणे दर पंधरवड्याला असे समुद्रात उतरत असल्यामुळे पैशाला दरमहा तीन टक्के व्याज पडे, म्हणजे वर्षाला छत्तीस.

टर्नरला ताळेबंदाचे पत्र आणि एलेनच्या माहेरी मुलांच्या खुशालीचे पत्र असे एकाच बोटीच्या वेळेवर लिहिले जाई. रात्री दम्याने झोप नाही, सकाळी खजिन्याची मोजदाद, दुपारी टपाल. म्हणून टर्नरला लिहिलेल्या पत्रांत दमा येतो, हवा येते, एलेनची नाराजी येते आणि घरच्या पत्रांत व्याजाचे दर येतात. आपल्याकडच्या पेशवेकालीन पत्रांत स्वारीचा खर्च, सावकाराचा तगादा आणि घरच्या आजाराची विचारपूस एकाच कागदावर असते, आणि तिथे ते आपल्याला खटकत नाही. शर्मनच्या पत्रांना तीच मोकळीक द्यायला हवी.

ही मोकळीक दिली की काय दिसते, यासाठी १८५५ हे वर्ष घेऊ. फेब्रुवारीच्या मध्याला बोट बातमी घेऊन आली की पूर्वेकडे 'पेज अँड बेकन' अडचणीत आहे. या पेढीची सॅन फ्रान्सिस्कोतली शाखा शहरातली बलाढ्य बँक होती. आठवड्याभरात तिची दारे बंद झाली. २३ फेब्रुवारीला 'अ‍ॅडम्स अँड कंपनी' बुडाली. 'वेल्स फार्गो'लाही काही काळ व्यवहार थांबवावा लागला. शर्मनच्या दारातही ठेवीदारांची झुंबड उडाली, पण त्याची बँक टिकली. याला एक कारण आधीच्या वर्षात होते. हेन्री मेग्ज हा शहरातला लोकप्रिय धनिक खोट्या सरकारी कागदांवर पैसा उचलत होता. सगळे त्याला हात सैल सोडून कर्ज देत असताना शर्मनने संशय येऊन आपले येणे कमी करून घेतले. मेग्ज ऑक्टोबर १८५४ मध्ये जहाजाने पळाला तेव्हा इतरांची घरे बसली, याचे थोडक्यात निभावले.

त्या झुंबडीबद्दल शर्मनने आपल्या आठवणींत एका फ्रेंच ठेवीदाराची गोष्ट नोंदवली आहे. पैसे असतील तर मला नकोत, नसतील तर मात्र आत्ताच्या आत्ता हवेत, असा त्या गृहस्थाचा हट्ट होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात बँकेवरच्या धाडीचे यापेक्षा नेमके वर्णन सापडायचे नाही.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. एलेनला कॅलिफोर्निया कधीच मानवला नाही. थोरली मुलगी मिनी हिला ती ओहायोतल्या लँकेस्टर या छोट्या गावी आईवडिलांकडे ठेवून आली होती. फेब्रुवारीचे वादळ सरल्यावर एप्रिलमध्ये ती लँकेस्टरला गेली आणि अनेक महिने तिकडे राहिली. दुसरी मुलगी लिझी आणि वर्षाचाही नसलेला विली बापाजवळ राहिले. बँकेच्या इतिहासात हा प्रवास येत नाही आणि लग्नाच्या इतिहासात ती झुंबड पार्श्वभूमीला असते. वास्तविक दोन्हींत एकच प्रश्न आहे : ठेवलेले परत केव्हा मागायचे? ठेवीदाराने फेब्रुवारीत जे विचारले तेच एलेन आणि तिचे माहेर वर्षानुवर्षे विचारत होते. मुलगी परत द्या, जावयाला घेऊन या. टॉमस यूइंगचा मिठाचा कारखाना होता आणि शर्मनने येऊन तो सांभाळावा अशी सासऱ्याची इच्छा होती. नऊ वर्षांचा असताना ज्याच्या घरी आश्रित म्हणून आलो त्याचाच जावई झालो, आता त्याच्याच मिठावर जगायचे, ही कल्पना शर्मनला सोसत नव्हती. घरजावईपणाचे हे ओझे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. बँक टिकवणे म्हणजे लँकेस्टरला न जाणे. एवढे एक सूत्र हाती धरले की टर्नरला लिहिलेल्या पत्रांतली चिकाटी केवळ धंद्याची राहत नाही.

शेवटी बँक बंद झाली, पण ती बुडाली नाही. कॅलिफोर्नियात आता नफा उरलेला नाही असे भागीदारांनी ठरवले आणि १ मे १८५७ रोजी शाखा आवरली. त्याच वर्षी शर्मनने न्यूयॉर्कची शाखा उघडली आणि काही आठवड्यांतच ऑगस्टमध्ये 'ओहायो लाइफ' ही मोठी संस्था कोसळून देशभर घबराट पसरली. सप्टेंबरात कॅलिफोर्नियाचे सोने आणणारे 'सेंट्रल अमेरिका' जहाज बुडाले. ऑक्टोबरात सेंट लुईसच्या मूळ पेढीने व्यवहार थांबवला आणि न्यूयॉर्कची शाखाही संपली. ज्याच्यामुळे जहाजावर वादळ येते त्या बायबलमधल्या योनाशी शर्मनने एका पत्रात स्वतःची तुलना केली आहे. विनोद कडवट आहे, पण रडगाणे नाही.

या अखेरच्या टप्प्यात एक व्यवहार असा आहे की जो बँकेच्या कोणत्याही वहीत बसत नाही. लष्करातल्या जुन्या मित्रांनी शर्मनवर विश्वास टाकून त्याच्याकडे पैसे गुंतवायला दिले होते. रक्कम सुमारे १,३०,००० डॉलर. ही बँकेची ठेव नव्हती, मैत्रीची होती. कॅलिफोर्नियातले जमिनीचे भाव उतरले आणि या गुंतवणुकीत खोट आली. कायद्याने तो बांधील नव्हता. बाजार पडला, माझा इलाज काय, असे म्हणून हात वर करता आले असते. त्याने तसे केले नाही. १८५८ मध्ये तो पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला गेला, येणी गोळा केली आणि मित्रांची तूट स्वतःच्या मालमत्तेतून भरत राहिला. बायको-मुलांच्या वाट्याचे त्यात गेले. चरित्रकार याला सैनिकी सचोटी म्हणतात आणि पुढे जातात.

मला याचे मूळ लँकेस्टरच्या एका जुन्या गोष्टीत दिसते. शर्मनचा बाप चार्ल्स हा ओहायोत संघसरकारचा महसूल वसूल करणारा अधिकारी होता. त्याच्या हाताखालचे लोक स्थानिक बँकांच्या नोटांत महसूल घेत. त्या काळी गावोगावच्या बँका आपापल्या नोटा काढत. १८१७ मध्ये सरकारने अशा नोटा घ्यायचे नाकारले. वसूल झालेला पैसा एका हुकमाने रद्दी झाला आणि चार्ल्सने ती तूट स्वतःच्या डोक्यावर घेतली. १८२९ मध्ये तो गेला तेव्हा तो ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता, पण मागे अकरा मुले आणि तंगी उरली. मुले नातलगांत, स्नेह्यांत वाटली गेली. त्यातला एक मुलगा यूइंगच्या घरी गेला, तोच हा. आपण ज्याला पितृऋण म्हणतो ते इथे अलंकारिक नाही. शर्मनच्या आठवणींची १८७५ ची पहिली आवृत्ती कॅलिफोर्नियापासूनच सुरू होते. बापाची हकीकत १८८६ च्या आवृत्तीत जोडलेल्या पहिल्या प्रकरणात येते. सहासष्टाव्या वर्षी, सेनापती म्हणून सगळे मिळवून झाल्यावर, आयुष्याची गोष्ट बापापासून सांगायला हवी असे त्याला वाटले, याला मी महत्त्व देतो.

यावर एक आक्षेप येईल : घर आणि धंदा असे एकत्र वाचले तर प्रत्येक ताळेबंदात मानसशास्त्र शोधायची खोड लागेल. आक्षेप रास्त आहे. व्याजाचा दर बापाच्या आठवणीने ठरत नसतो. मेग्जचे कर्ज कमी करण्यामागे हिशेबी डोके होते आणि तेवढे कारण पुरेसे आहे. पण मित्रांची तूट भरण्याला हिशेबाचे कारण सापडत नाही. आपल्या भाषेत 'पत' हा एकच शब्द बाजारातली आणि समाजातली किंमत सांगतो. पत्रे तीन पुस्तकांत विभागली की एका पुस्तकात बाजाराची पत उरते, दुसऱ्यात घराण्याची आणि दोन्हींमधला पूल वाचकाला दिसेनासा होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या संपादकाने ही पत्रे व्यक्तीनुसार न लावता बोटीनुसार लावावीत. एका बोटीने गेलेले सगळे टपाल एकत्र : टर्नरचे, जॉनचे, सासऱ्याचे आणि एलेनचे. एलेनने आपल्या आईला त्याच घरातून लिहिलेली पत्रेही त्यांच्या तारखांना ठेवावीत, कारण त्या घरातून पत्र लिहिणारा शर्मन एकटा नव्हता. मग १८५५ च्या एप्रिलात एलेन निघाली त्या बोटीत आणखी कोणते कागद होते, भागीदाराला त्या दिवशी किती शिल्लक कळवली आणि लँकेस्टरला काय कळवले नाही, हे वाचकाला एका पानावर पाहता येईल.